सुमेधेचा भाऊ

"अगं, जाते काय म्हणतेस? येते म्हण, येते."

मागच्या रांगेतल्या एका पोक्त बाईनं पडद्यावरच्या बाईला असं दटावलं आणि घाटकोपरच्या त्या पत्र्याच्या थेटरात हशा पिकला. पडद्यावरची बाई अर्थातच थांबली नाही. भावाच्या दारात उभी राहून, हातात एक कापडी पिशवी घेऊन ती 'दादा, जाते' म्हणाली होती. ती तशीच जिना उतरली आणि रस्त्याला लागली. रस्ता लांबच लांब गेलेला होता. त्यावर 'समाप्त' अशी अक्षरं उमटली आणि दिवे लागले.

विद्याधर जागचा उठला नाही. त्याला राग आला होता. आलेला राग बाहेर दाखवायची त्याला सवय नव्हती. विक्रोळीच्या कारखान्याच्या हजेरी कचेरीत त्याची वीस वर्षं गेली होती, आणि तिथे रागवायचं काम दुसऱ्यांकडे होतं. पण शेजारी त्याची धाकटी बहीण उत्तरा होती, आणि तिच्यापुढे त्याची जीभ जरा मोकळी होत असे.

"बघितलंस? लोकांनासुद्धा कळतं. घरातून निघताना 'जाते' म्हणतं का कुणी?"

"त्या आजीबाईंना वाटलं असेल, पोरगी अभद्र बोलली," उत्तरा हसत म्हणाली. मग हसू थांबवून म्हणाली, "पण दादा, ती खरंच जात होती रे. परत कुठे यायची होती ती?"

"तेच तर चुकलंय," विद्याधर म्हणाला.

हा सिनेमा निघाला होता 'संगीत सुमेधा' या जुन्या नाटकावरून. विद्याधरनं ते नाटक पोरवयात गिरगावात पाहिलं होतं आणि पुढे हातात येईल त्या पैशानं पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. नाटकातली सुमेधा पेशवाईतल्या एका सरदाराची बायको. सरदाराच्या मनात संशयाचा किडा शिरतो आणि तो वाड्यातल्या सगळ्यांना तिच्याशी बोलायची बंदी करतो. ती भावाकडे येते. भाऊ कुळाच्या अब्रूसाठी तिला परत पाठवतो. मेणा दाराशी येतो, सुमेधा उंबऱ्यात थांबते आणि 'दादा, येते' एवढंच म्हणते. पुढच्या अंकात ती नसतेच, तिच्या मरणाची बातमी येते. त्या दोन शब्दांवर पडदा पडायचा तेव्हा थेटरात टाळी पडत नसे. ती शांतता विद्याधरच्या मनात अजून होती.

सिनेमात सरदाराचा दादरचा वकील झाला होता आणि वाड्याची चाळ. पदं बारा होती ती चारावर आली होती. तेवढ्याला विद्याधरची हरकत नव्हती. त्याची हरकत होती ती शेवटच्या शब्दाला.

ही हरकत एरवी त्याच्या मनातच विरली असती. पण वाचनालयाच्या व्याख्यानमालेत जे प्राध्यापक बोलायचे होते ते आजारी पडले, आणि चिटणीस श्यामसुंदर त्याच्या मागे लागला. "काका, तुम्ही रोज संध्याकाळी ते नाटक हा सिनेमा असं आमचं डोकं खाता ना? तेच तासभर उभं राहून खा." विद्याधर नको नको म्हणाला. ते श्यामसुंदरला हो असं ऐकू आलं. म्हणून हा सिनेमा दुसऱ्यांदा पाहायला तो उत्तराला घेऊन आला होता.

उत्तरा भाऊबीजेला माहेरी आली होती, ती परत गेली नव्हती.

तिचं सासर बोरिवलीला. नवरा चंद्रप्रकाश फोर्टात विमा कचेरीत होता. नीटनेटका माणूस, आवाज कधी चढायचा नाही, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. मूल झालं नव्हतं. सासू होती तोवर ठीक चाललं होतं. ती वारली, आणि तेव्हापासून चंद्रप्रकाश कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप घालून जाऊ लागला.

हे उत्तरानं पहिल्यांदा सांगितलं ते वहिनीला, तांदूळ निवडता निवडता. विद्याधर बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होता. त्यानं पान उलटायचं थांबवलं.

"मारत नाहीत गं वहिनी. कधी हात उगारला नाही. नुसतं कुलूप लावतात."

"आणि कुणी आलं तर?" सुलक्षणानं विचारलं.

"खिडकी आहे ना."

"आणि पाणीबिणी?"

"ते सकाळीच भरून ठेवतात. त्यांना सगळ्याची आठवण असते."

सुलक्षणा पुन्हा तांदूळ निवडू लागली. नवरा मारत असेल, पीत असेल, बाई ठेवत असेल, तर त्या दुःखाला नाव असतं. चार माणसांत ते बोलता येतं, कुणी हळहळतं, कुणी मध्ये पडतं. या कुलपाला नाव नव्हतं. विद्याधरनं मनाशी दोन-तीन शब्द लावून पाहिले आणि सोडून दिले.

घर दोन खोल्यांचं. मुलगी शुभा लग्नाची, तिला स्थळं बघायला सुरुवात झालेली. उत्तरा स्वयंपाकघरात ओट्याखाली अंथरूण घालायची आणि सगळे उठायच्या आत ते गुंडाळून माळ्यावर टाकायची, जणू कुणी तिथे झोपलंच नव्हतं. ती राहणार की जाणार हे कुणी बोलत नव्हतं. सुलक्षणा बोलत नव्हती, कारण बहीण नवऱ्याची. उत्तरा बोलत नव्हती, कारण घर भावाचं. आणि विद्याधर म्हणत होता, आधी ते व्याख्यान होऊन जाऊ दे.

व्याख्यानाच्या आठवड्यात बोरिवलीहून भाऊ आले. भाऊ म्हणजे चंद्रप्रकाशचे थोरले काका. पिशवीभर पेरू त्यांनी सुलक्षणाच्या हातात दिले आणि खुर्चीत ऐसपैस बसले.

"काय विद्याधर, भाषण ठोकणार म्हणे तू. झकास. कुणावर?"

"नाटकावर. म्हणजे नाटक आणि सिनेमा, दोन्हीची आपली तुलना. मी काय, प्राध्यापक आजारी पडले म्हणून."

"अरे बोल, बोल. घाबरतोस काय? समोर सगळे घोरतच असतात." भाऊ मोठ्यानं हसले. मग पेरूची फोड मिठाला लावून म्हणाले, "बरं, सूनबाईला कधी पाठवतोस?"

आतल्या खोलीत स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"ते कुलपाचं..." विद्याधर म्हणाला.

"कुलपाचं काय घेऊन बसलास? मागे जंगल, शेजार म्हणजे एक घर. दिवसाढवळ्या भुरटे फिरतात. आणि सोनं माणूस कुलपातच ठेवतो की नाही?" आपल्याच विनोदावर ते पुन्हा हसले. "पोराचा जीव आहे रे तिच्यावर. जरा जास्त आहे, एवढंच. बाकी बायका नवरा बघत नाही म्हणून रडतात. हिचं उलटंच."

"तिला विचारायला हवं."

"विचार ना. आणि शुभाचं बघताय, तेही डोक्यात ठेव. मी काही बोलत नाही, पण मुलाकडचे बोलतात. आत्या घरात कशी म्हणून विचारतात. काय सांगणार तू, कुलूप लावतात म्हणून आलीय?" भाऊंनी बोटं पुसली. "शनिवारी तुझं भाषण ना? मग रविवारी सकाळी मी येतो न्यायला."

"बघतो," विद्याधर म्हणाला.

भाऊ जिना उतरून गेले. आत स्टोव्हचा पंप पुन्हा सुरू झाला.

त्या संध्याकाळी विद्याधरनं उत्तराला समोर बसवून व्याख्यान म्हणून दाखवलं. ती शुभाच्या साडीला काठ शिवत होती. नाटक मोठं का आणि सिनेमा उथळ का, हे तो समजावत होता. सुमेधेला 'येते' म्हणावं लागतं, कारण तिच्या तोंडात दुसरा शब्दच कुणी ठेवलेला नाही. ती मरायला चालली आहे हे तिला ठाऊक आहे, प्रेक्षकांनाही ठाऊक आहे, आणि तरी ती रीत सोडत नाही. 'जाते' म्हणून मोकळं होणं सोपं. पण जाते म्हणजे कुठे जाते? सिनेमावाल्यानं नुसता रस्ता दाखवला. रस्त्याच्या टोकाला काय आहे ते दाखवायची त्याची छाती झाली नाही.

"दादा, तुला नाटकाचा शेवटच खरा वाटतो?"

"शोकांतिकेला वाट नसते गं. वाट दिसली की शोकांतिका संपली."

"म्हणजे वाट असली तरी दाखवायची नाही," उत्तरा म्हणाली आणि दातानं दोरा तोडला.

"तसं नव्हे. म्हणजे, थोडंफार तसंच." आपलं बोलणं एवढ्या नेमकेपणानं कुणी पकडलेलं पाहून त्याला बरं वाटलं. ती आणखी काही विचारेल म्हणून तो थांबला. ती सुईत दोरा ओवत होती.

शनिवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये त्याच्या अंदाजापेक्षा जास्त माणसं आली. त्या दिवसांत संयुक्त महाराष्ट्राच्या सभा असल्या की तिथे उभं राहायला जागा मिळत नसे, नाटकासाठी मात्र कोण येणार, असं तो धरून चालला होता. पण सिनेमा गाजत होता, आणि बायकांच्या बाजूच्या सतरंज्या भरल्या होत्या. उत्तरा, सुलक्षणा आणि शुभा भिंतीला टेकून बसल्या होत्या. पहिली काही मिनिटं विद्याधरचा आवाज त्याचा त्यालाच ऐकू येईना. मग सुमेधेच्या उंबऱ्याचा प्रसंग आला, तो त्यानं जसाच्या तसा सांगितला, आणि सभा गप्प झाली. पोरवयात ऐकलेली ती शांतता त्यानं आता स्वतः निर्माण केली होती. त्यानंतर त्याला भीती वाटली नाही.

शेवटी श्यामसुंदरनं विचारलं, कुणाला काही शंका आहे का. टपाल कचेरीत नोकरी करणारी पद्मजा उभी राहिली. रोज पुस्तक बदलायला यायची, म्हणून तो तिला ओळखत होता.

"काका, तुम्ही येते आणि जाते यातला फरक छान सांगितलात. पण मला एक कळलं नाही. दोन्हीकडे ती भावाच्या दारात उभी आहे. नाटकातला भाऊ तिला राहा म्हणत नाही, सिनेमातलाही म्हणत नाही. तो राहा का म्हणत नाही?"

विद्याधर समोरच्या पेल्यातलं पाणी प्यायला. इतकी वर्षं नाटक पाहून हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. भाऊ हा सुमेधेच्या शोकांतिकेचा एक भाग होता, वाड्याच्या भिंतीसारखा. सभा वाट पाहत होती. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला वेळेवर सुचलं.

"भाऊ राहा म्हणाला असता," तो म्हणाला, "तर दुसऱ्या अंकातच पडदा पाडावा लागला असता. लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले असते."

हॉल हसला. टाळ्या पडल्या. श्यामसुंदर तर मांडीवर थाप मारून हसला. पद्मजाही हसली आणि खाली बसली, पण तिला उत्तर मिळालेलं नव्हतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं. विद्याधरनं भिंतीकडे पाहिलं. उत्तरा पदर तोंडाशी धरून हसत होती.

घरी येताना लोकांनी त्याला तीनदा थांबवलं. सुलक्षणासुद्धा म्हणाली, "बरं बोललात हो." रात्री अंथरुणावर पडल्यावर तो सकाळी उत्तराशी काय बोलायचं ते जुळवत होता. राहा म्हणायचं, असं त्यानं ठरवलं. मग ते सुलक्षणाला आधी विचारायला हवं असं वाटलं. ती झोपली होती. तिला उठवणं त्याला बरं दिसेना.

सकाळी तो स्वयंपाकघरात गेला तेव्हा उत्तराची ट्रंक भरून झाली होती. ती वरची कडी लावत होती.

"उत्तरा, म्हणजे तुला जर..."

"दादा, काल फार छान बोललास. बाबा हवे होते ऐकायला. तुझ्या बोलण्यावर एवढे लोक हसताना मी पहिल्यांदा पाहिले."

"ते मी आपला विनोद केला. ती मुलगी अचानक विचारती झाली, म्हणून."

"विनोदच होता रे. मीही हसले की." तिनं ट्रंक उचलून पाहिली आणि खाली ठेवली. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. दोन खोल्या आहेत. शुभाचं आहे. मला कळत नाही का? मी वाट बघत होते कुणीतरी सांगेल म्हणून. चोरासारखं राहायचं किती दिवस?"

"मी सांगितलं नाही तुला जा म्हणून."

"नाही सांगितलंस," ती म्हणाली.

खालून भाऊंची हाक आली. मग सगळं भराभर झालं. सुलक्षणानं ओटी भरली, हातावर दही घातलं. शुभा आत्याच्या गळ्यात पडली. भाऊंनी ट्रंक उचलताना "काय दगड भरलेत का गं?" म्हणून विचारलं, त्यावर सगळे थोडं थोडं हसले. उत्तरानं चपला घातल्या, दारात वळली आणि म्हणाली, "वहिनी, येते हं. दादा, येते."

जगातल्या सगळ्या बायका घरातून निघताना म्हणतात तसंच ती म्हणाली. सुलक्षणानं "ये हं" म्हटलं. विद्याधरनं उंबऱ्याकडे पाहिलं आणि त्याला 'ये' म्हणता आलं नाही.

ती गेल्यावर सुलक्षणा बराच वेळ ओटीचे सांडलेले तांदूळ वेचत होती. मग खाली मान घालूनच म्हणाली, "राहिली असती तरी चाललं असतं हो."

"तू तसं कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलंत कुठे? तुमची बहीण. मी आपणहून म्हटलं असतं तर तुम्हालाच वाटलं असतं, हिला फुकट कामाला बाई हवी." तिनं तांदूळ सुपात टाकले. "मी म्हणत होते, हे ठरवतील."

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी विद्याधरनं अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि तिळगुळाचा पुडा घेऊन बोरिवलीला गेला. घर स्टेशनपासून लांब, डोंगराच्या बाजूला होतं. कौलारू, स्वच्छ, अंगणात तुळस. दाराला पितळी कुलूप होतं. ते त्याला दुरूनच दिसलं होतं. तरी त्यानं पायरीवर चपला काढल्या आणि कडी वाजवली.

"दादा? खिडकीशी ये," आतून उत्तराचा आवाज आला.

खिडकीला उभे गज होते. त्यामागे ती उभी होती, केस विंचरलेले, कुंकू लावलेलं, चांगल्यापैकी साडी नेसलेली. त्याला वाटलं होतं ती वाळली असेल. ती वाळली नव्हती. तिनं त्याला उन्हातून बाजूला, कौलांच्या सावलीत उभं राहायला सांगितलं. मग चहा केला. कप गजांतून जाईना, तेव्हा तिनं चहा अरुंद फुलपात्रात ओतला आणि पदरानं धरून बाहेर दिला. तो उभ्यानंच प्यायला.

"शुभाचं काय?"

"ठरलं. मुलुंडचं स्थळ. फाल्गुनात लग्न."

"बरं झालं. खरंच बरं झालं." तिचे डोळे हसले. "वहिनीला म्हणावं, शुभामागे शकुनाचा दिवा मी धरणार. हे आणतील मला."

विद्याधरनं फुलपात्र खिडकीवर ठेवलं. बोलायचं ते त्यानं सगळ्या वाटेवर घोकलं होतं, आणि आता ते एका दमात बाहेर आलं. "उत्तरा, चल माझ्याबरोबर. आत्ता. मी कुलूपवाला घेऊन येतो स्टेशनवरून. वहिनीही म्हणाली, तू राहायला हवी होतीस. तू राहा आमच्याकडे."

उत्तरा ऐकत होती. त्याचं बोलून झाल्यावरही ती थोडा वेळ ऐकत असल्यासारखी उभी राहिली.

"कधी म्हणाली वहिनी?"

"तू गेलीस त्या दिवशी."

"अस्सं." तिनं फुलपात्र आत घेतलं. "आणि फाल्गुनात लग्न आहे. कुलूप फोडून पळालेली आत्या मांडवात कुठे बसवशील, दादा?"

त्यानं तोंड उघडलं. रस्त्यावरून एक गाडीवाला बैलांना हाकत चालला होता. तो पुढे जाईपर्यंत विद्याधर त्याच्याकडे पाहत राहिला.

"मी चंद्रप्रकाशशी बोलतो," तो शेवटी म्हणाला.

"नको. तू आलेला त्यांना कळायला नको. शेजारचे दत्ताराम खिडकीशी येऊन बोलायचे, तर हे खिडकीला फळ्या मारायच्या म्हणत होते. मग मीच सांगितलं त्यांना, येऊ नका म्हणून." ती सहज, घरातली एखादी अडचण सांगावी तशी सांगत होती. "तिळगूळ आणलायस ना? दे."

त्यानं पुडा दाबून लांबट केला आणि गजांतून आत सरकवला. सुलक्षणानं केलेले लाडू होते, चांगले बारा-पंधरा. उत्तरानं पुडा सोडला, वास घेतला, आणि एक लाडू तोंडात टाकला. मग दुसरा.

"सावकाश खा. ठेव ना, पुरवून खा," विद्याधर म्हणाला.

"ठेवू कुठे? कुणी दिले म्हणून विचारतील," ती भरल्या तोंडानं म्हणाली. "कागद तू घेऊन जा."

ती उभ्यानं, घाईघाईनं, एकामागून एक लाडू खात राहिली. तीळ ओठाला चिकटत होते ते बोटानं आत ढकलत होती. आणि विद्याधर रिकाम्या कागदासाठी गजांतून हात पुढे करून थांबला होता.